डाव्या गुडघ्याचं दुखणं

कास्सियनने काठी उलटी धरली, दोन दणके देऊन बर्फाचं कवच फोडलं, लोकरी टोपी कानावरून वर सारली आणि गुडघे टेकून त्या भोकाशी कान नेला. मागे उभ्या असलेल्या दोघी, त्याची मुलगी मेना आणि डोंगर चढायला आलेली पाहुणी हेडविग, लगेच गप्प झाल्या. खिंडीवर पोचलं की गाईडने बर्फ ऐकायचा आणि तो ऐकत असताना बाकीच्यांनी नाकसुद्धा ओढायचं नाही, अशी त्या खोऱ्याची रीत होती.

"कडक आहे," तो उठत म्हणाला. बोलणं नेहमीसारखंच, पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असं. "मस्त गोठलाय. सासू अजून झोपेत आहे. चला!"

सासू म्हणजे खिंडीखालचा तो आग्नेयेकडचा भला थोरला उतार. गावात त्याला 'सासूचा एप्रन' म्हणत. लांबून बघावं तर पांढराशुभ्र, इस्त्री केलेला. मे अखेरीला रात्रीच्या थंडीत तो दगडासारखा गोठतो, सकाळच्या उन्हात वरची दोन बोटं तेवढी मऊ पडतात, आणि त्या तासाभरात त्याच्यावरून स्की नेणं म्हणजे तापल्या तव्यावर लोणी फिरवणं. त्या एका तासासाठी माणसं पहाटे तीनला उठून, चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून, पाच-पाच तास डोंगर चढतात. मात्र रात्र नीट गोठली नसेल तर खाली पाणी सुटतं, आणि मग सासूच्या अंगावर पाऊल टाकणाऱ्याची खैर नसते. असे चार जण गावच्या चर्चमागे झोपले आहेत.

मेनाला पाणी ऐकू आलं. कवचाखालून बारीक, एकसारखं, नीट बंद न केलेल्या नळासारखं. रात्रभर ढग होते, थंडी अशी पडलीच नव्हती, पहाटे कुठे आभाळ उघडलं, तेव्हापासून तिच्या मनात धाकधूक होतीच. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. तो स्कीच्या पट्ट्या सोलून काढत होता, एकीची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

ऐकू येत नाही याला, तिच्या ध्यानात आलं.

ती स्वतःही गाईड. अकरा वर्षं परदेशातल्या डोंगरांवर काढून गेल्या शरदात घरी परतलेली. त्यातली शेवटची चार-पाच वर्षं तिचा फोन आला की हा "आईशी बोल" म्हणून मोकळा व्हायचा. आपण घर सोडलं म्हणून म्हातारा अजून रुसलाय, मनात धरून ठेवतोय, असं मानून तीही फणकाऱ्याने फोन ठेवायची. रुसला नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर खालचं पाणीसुद्धा ऐकू येईना.

पण आता करायचं काय? बहात्तर वर्षांच्या गाईडला पाहुण्यासमोर "चुकलात" म्हणायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्याची गोष्ट झालीच म्हणून समजा. त्यातून पाहुणी म्हणजे हेडविग! गुराढोरांची निवृत्त डॉक्टर, गेली बावीस वर्षं दर मे महिन्यात आठवडाभर फक्त कास्सियनबरोबर डोंगर चढणारी.

मात्र खोऱ्याची आणखी एक रीत होती. तुकडीतल्या कुणाचं काही दुखलं, तर गाईडने वाट बदलायची. वाद घालायचा नाही.

"बाबा, माझा गुडघा दुखतोय."

"काय?"

"गुडघा! डावा! हा उतार नाही जमायचा मला. मागच्या घळीने जाऊ या."

मागची घळ सावलीतली, अकरापर्यंत गोठलेली. लांबलचक, कंटाळवाणी, आणि शेवटी पाइनच्या जंगलातून स्की खांद्यावर घेऊन पायपीट.

कास्सियनने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "अकरा वर्षं तिकडे काय करत होतीस गं? त्या लामा-उंटांना चारा घालत होतीस? गाईड म्हणे! सासू बघितली की हिचे गुडघे दुखतात!"

हेडविगला एकदम खोकला आला. ती तोंड फिरवून हातमोज्याशी खटपट करू लागली.

"दुखतोय म्हणजे दुखतोय," मेना म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"बरं बाई. मागच्या घळीने."

पुढे अर्थात तोच. दोन्ही गुडघे जुळवून, जुन्या पद्धतीची आखूड वळणं घेत तो घळीत उतरला, आणि मेना बघत राहिली. एक वळण चुकलं नाही, एक काठी वाया गेली नाही. खडकाच्या आडोशाला थांबून त्याने काठी वर केली, मग हेडविग निघाली, मग ती. अर्ध्या घळीत तिच्या लक्षात आलं की आपण मजेत वळणं घेतोय. तिने घाईघाईने एक पाय ओढायला सुरुवात केली, आणि तो उजवा निघाला.

खाली जंगलात स्की खांद्यावर चढल्या. कास्सियन तरातरा पुढे निघाला होता. पावणेदहाच्या सुमाराला डोंगराच्या पलीकडच्या अंगाने आवाज आला. जड, लांबत जाणारा, कुणीतरी गाडीभर बटाटे ओतावेत तसा. सासू उठली होती. दोघी जागच्या जागी थबकल्या. कास्सियन तसाच चालत राहिला. त्याच्या पाठीवरची पिशवी एका लयीत हलत होती.

"कुठला गुडघा म्हणालीस?" हेडविगने हळूच विचारलं.

"डावा."

"माझा उजवा दुखतो. तीन वर्षं झाली."

मेनाने वळून तिच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं.

"मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझा दुखला," हेडविग म्हणाली. "इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दर वेळी आपणच कण्हायचं म्हणजे वैताग येतो गं."

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?" दोन हजार मीटरच्या वर सगळेच एकमेकांना 'तू' म्हणत, त्यामुळे मेनाला रागवायला सोपं गेलं.

"काय बोलू? डोळे त्याचे, पाय त्याचे, डोकं त्याचं. माझ्याकडून फक्त पाणी ऐकायचं काम. बावीस वर्षांत त्याने मला तीनदा मरणाच्या दारातून परत आणलंय, मेना. तेवढं कण्हायला काय जातं माझं?"

"आणि तू नसतेस तेव्हा? दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा?"

हेडविगने स्की या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतल्या. तिची झोपही याच प्रश्नाने उडवली असावी, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

चढणाऱ्यांसाठी बांधलेल्या डोंगरझोपडीच्या उन्हातल्या बाकावर कास्सियन बूट सैल करून बसला होता. चीजच्या गोळ्यांचं सूप त्याने तिघांसाठी मागवून ठेवलं होतं. दोघी बसल्या तशा त्याने पिशवीतून मार्मोटच्या, त्या डोंगरी घुशीच्या, चरबीच्या गुडघेदुखीवरच्या मलमाच्या दोन डब्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. एक हेडविगच्या पुढ्यात, एक मेनाच्या.

"उजव्यासाठी," तो म्हणाला. "आणि ही डाव्यासाठी."

दोन्ही डब्या न उघडलेल्या होत्या. मेनाने पाहिलं, त्याने एक नाही, दोन आणल्या होत्या. सकाळी निघतानाच.

"ही बाई तीन वर्षं फक्त ढगाळ रात्रीनंतर लंगडते," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली होता. "चांगली थंडी पडली की हरणासारखी पळते. म्हटलं, औषध तरी जवळ असावं."

हेडविगने चमचा सुपात बुडवला तो वर काढलाच नाही.

खिंडीवर तो पट्ट्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा का घालत होता, ते मेनाला आता कळलं. तो वाट बघत होता. कुणाचं काही दुखतंय का, याची. मग तिला आठवलं, आई म्हणाली होती, तीन वर्षांपासून ह्याने हेडविगशिवाय एकही पाहुणा घेतलेला नाही. कंबर धरते म्हणून सांगतो.

"बाबा," ती वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "कंबर कशी आहे तुमची?"

"कंबरेला काय धाड भरलीय?" म्हणत तो सुपाचा वाडगा तोंडाला लावून भुरका मारू लागला. वाडग्याच्या कडेवरून त्याचे डोळे तिच्याकडे लागले होते.

मग त्याने वाडगा खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि आपली उलटी धरायची जुनी काठी बाकावरून तिच्याकडे सरकवली.

"उद्या खिंडीवर गुडघे तू टेक," तो म्हणाला. "डावा दुखत नसेल तर."