रिकामा परत आलेला डबा

मी स्टीलचा डबा बोलतोय. दुबईत, करामामध्ये, टिपणिसांच्या हॉलमधल्या उघड्या बॅगेत पडलोय. पोटात बेसनाचे लाडू ठासून भरलेत, त्यामुळे जरा जड आवाजात बोललो तर समजून घ्या.

माझा जन्म पुण्याचा. छायाताईंनी मला घासाघीस करून घेतलं आणि तिथेच झाकणावर नाव घालून घेतलं, ‘सौ. छाया शैलेंद्र टिपणीस’. दुकानदार म्हणाला, नाव फार लांब आहे. त्या म्हणाल्या, डबाही मोठाच आहे. मग आम्ही इथे आलो. शैलेंद्रराव इथल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात.

इथे मी घरात कमी आणि शेजारी जास्त असायचो. समोर साजिदाआपा राहतात, हैदराबादच्या. दिवाळीत चकल्या घेऊन मी त्यांच्याकडे जायचो आणि परत येताना माझ्यात शेवया असायच्या. डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोन्ही घरांना कुणी शिकवावं लागलं नाही. काहीच नसलं तर चमचाभर साखर का होईना, पण घालतात. त्यामुळे मी जरा तोऱ्यात असायचो, खोटं कशाला बोलू.

मग टिपणिसांची इरा मास्टर्ससाठी स्वीडनला, लुंडला निघाली. छायाताईंनी मला चिवड्याने भरून तिच्या बॅगेत कोंबलं. “गेल्या गेल्या शेजारी दे थोडा. ओळखी अशाच होतात.”

“आई, इट्स स्वीडन, नॉट करामा,” इरा म्हणाली. पण नेलं मला.

लुंडला इराच्या हॉस्टेलवर आठ खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. तिथली माणसं वाईट नाहीत, आधीच सांगतो. आपल्यासारखीच दारात बूट काढतात. भांडी लगेच घासतात. कपडे धुवायचं मशीनसुद्धा आधी वेळ ठरवून वापरतात. बोलतात मात्र मोजकं. दुपारी कॉफी आणि वेलचीचा गोड पाव घेऊन सगळे एकत्र बसतात, त्याला ते ‘फिका’ म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मालिनने इराला विचारलं, “कॉफी घेणार? बस ना आमच्याबरोबर.” इराला हवी होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण तोंडातून निघालं, “नो नो, आय ॲम फाइन.” आपल्याकडे पहिल्यांदा कोण हो म्हणतं? आता ती आग्रह करेल म्हणून इरा उगाच ग्लास विसळत उभी राहिली. मालिन “ओके” म्हणाली आणि टेबलाशी जाऊन बसली. इरा तोच ग्लास आणखी थोडा वेळ विसळत होती.

असं तीनदा झालं. मग मालिनने विचारणं सोडलं.

तरी इराने मला घेऊन तिचं दार वाजवलं. चिवडा बघून मालिन अगदी मनापासून खूश झाली. दुसऱ्या दिवशी मी परत आलो. घासलेला, पुसलेला, लख्ख आणि रिकामा. इराने झाकण उघडून आत पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडून पाहिलं. मलाही लागलं. इतक्या वर्षांत मला कुणी रिकाम्या पोटी घरी पाठवलं नव्हतं.

पुढे एकदा मालिन एका जर्मन मुलाशी बोलत होती, इंग्रजीत, म्हणून मला कळलं. “इराला आम्ही आवडत नसू. मी विचारलं, ती दर वेळी नको म्हणाली. आणखी विचारणं म्हणजे तिला त्रास देणं.” मी तिथेच ओट्यावर होतो. झाकण उडवून ओरडावंसं वाटलं. पण डब्याचं कोण ऐकतं?

हिवाळ्यात तिथे दुपारीच अंधार पडतो. इरा खोलीत एकटी जेवायला लागली. नाताळच्या सुट्टीत मला घेऊन घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी ताटावर म्हणाली, “मी परत जाणार नाहीये.”

शैलेंद्ररावांचा घास हातातच राहिला. “अगं, एक सेमिस्टर झालंय. आता सोडून देणार?”

“बाबा, तिथे कुणालाच माझी गरज नाहीये. डबासुद्धा रिकामा परत दिला.”

“रिकामा?” छायाताई म्हणाल्या. त्यांना तेच जास्त लागलं.

परतीचं तिकीट शनिवारचं होतं. गुरुवारी साजिदाआपा इराला भेटायला आल्या.

“चाय लेंगे ना आपा?”

“नहीं नहीं, अभी पी के आई.”

छायाताईंनी जणू ऐकलंच नाही, आधण ठेवलं. आपांनी चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली, इराच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या.

“आई, त्या नको म्हणाल्या होत्या ना?” इराने विचारलं.

“मग? पहिलं नको कुणी धरतं का?”

“आणि कुणी धरलं तर?”

“तर त्याला आपल्या रीती माहीत नसतील बिचाऱ्याला,” छायाताई कप विसळता विसळता बोलून गेल्या. इराने फोन हातात घेतला. बोल, म्हटलं, पोरी, आता तरी बोल.

तिने तिथूनच मालिनला व्हिडिओ कॉल लावला. मालिन त्याच स्वयंपाकघरात बसली होती. “तू कॉफीचं विचारायचीस ना,” इरा म्हणाली, “मला हवी असायची. दर वेळी. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात आणि समोरचा पुन्हा विचारतो.”

मालिनने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, “आमच्याकडे नको म्हणजे नको. मला वाटलं, तुला एकटं राहायचंय.”

“आणि डबा?”

“का? नीट घासला गेला नव्हता?” तिचा चेहरा खरंच पडला. इरा हसायला लागली आणि हसता हसता रडली.

“मालिन, मला पुन्हा विचार. आत्ता.”

“इरा, कॉफी घेणार?”

“हो,” इरा म्हणाली.

छायाताई नळ बंद करून ऐकत होत्या. कुणाला काही न विचारता त्यांनी बेसनाची बरणी खाली काढली.

आज शनिवार. शैलेंद्रराव टॅक्सी बोलावून “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला, चला, करतायत. जाता जाता एवढंच सांगतो. परक्या गावात कुणी काही विचारलं आणि तुम्हाला ते हवं असलं, तर पहिल्यांदाच हो म्हणा. आणि तुमच्या दारी कुणी नको म्हणालं, तर आणखी एकदा विचारायला तुमचं काय जातं? मालिन मला पुन्हा रिकामाच परत करेल कदाचित. करू दे. ती किती निगुतीने पुसते ते मी पाहिलंय.

छायाताईंनी आत्ता शेवटचा लाडू दाबून बसवला आणि झाकण लावलं. आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग इराकडे न बघता म्हणाल्या, “डबा परत आणायची घाई करू नकोस हं.”

मलाही घाई नाही.