सहा भरीव गोळ्या

सुंदरबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि लेथच्या टेबलावर, पंपाच्या पितळी बुशांशेजारी, सासऱ्याचं रिव्हॉल्वर ठेवलं. मी आधी उठून शटर अर्धं खाली ओढलं. पाटोद्यात शेजारी रस प्यायला आलेला माणूससुद्धा माझ्या दुकानात डोकावून जातो.

म्हातारा पलटणीत होता, तिथून हे हत्यार घरात आलं. तो गेला, पुढे नवरा गेला आणि लायसन रीतसर बाईंच्या नावावर झालं. घरात गोळी मात्र एकही नव्हती. बाई बीडला गेल्या, नगरला गेल्या, थेट संभाजीनगरलाही जाऊन आल्या. दुकानदारांनी सगळीकडे एकच सांगितलं, ही काडतुसं यायची केव्हाच बंद झाली, आता हे भिंतीला लावा. मग कुणीतरी अक्कल दिली की परमेश्वर टर्नर पितळेचं काहीही करून देतो.

देतोच. माझ्या हाताचा मला माज आहे, खोटं कशाला बोलू. पण ही भानगड नको होती. मावशी, आपण दोघंही आत जाऊ, मी म्हणालो.

"आन् ती मान्सं भाईर ऱ्हात्याल," बाई म्हणाल्या. "कुत्रं मारलं माजं. आता म्हंत्यात, म्होरला नंबर तुमचा."

ती माणसं म्हणजे खडी क्रशरवाले. बाईंचं रान डोंगराच्या कडेला, तिथे त्या एकट्या राहतात, आणि क्रशरला त्यांच्याच रानातून रस्ता हवा होता. बाईंचे पोलिसांत अर्ज देऊन झाले होते. अर्जाला वेळ लागतो, गुंडाला लागत नाही.

मी हो म्हणालो, आणि त्याच वेळी मनाशी ठरवलं की गोळ्या भरीव काढायच्या. आत पोकळी नाही, दारू नाही, नुसतं पितळ. बाईंना धीर येईल, समोरचा घाबरेल, कुणाचा जीव जाणार नाही आणि म्हातारी तुरुंगात सडणार नाही. स्वतःच्या हुशारीवर मी लई खूश होतो. सहा गोळ्या काढल्या, चकचकीत केल्या, एकेक करून चक्रात बसवल्या.

"चालत्याल न्हवं?" बाईंनी विचारलं.

"चालत्याल," मी म्हणालो.

महिन्याभराने बाई पुन्हा आल्या, तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि खालच्या ओठाला टाके. चार जण भरदुपारी जेसीबी घेऊन रानात आले होते. बाईंनी बांधावर उभं राहून रिव्हॉल्वर रोखलं. ते थबकले, एकाने तर हात जोडले. पण जेसीबी थांबेना, म्हणून बाईंनी घोडा ओढला. नुसता खट् आवाज आला. मग त्या चौघांनी ते हिसकावून घेतलं, त्याच्याच दस्त्याने बाईंना मारलं आणि जाताना अंगावर फेकलं. आता त्या रानातून खडीचे टिप्पर जातात.

हे सगळं सांगून वर बाईंनी माझीच माफी मागितली.

"चुकलं माजंच. ज्वारीच्या कनगीत ठिवलतं मी त्ये. दारूला वल लागली आसंल. दुसऱ्या करून दे बाबा, आता कोरड्यात ठिवते."

हो म्हणणं सोपं होतं. शब्द जिभेवर आलाच होता. पण ते टाके बघून मला माझीच शिसारी आली. मी सगळं सांगून टाकलं. दारू नव्हतीच मावशी, म्हणालो, मी घातलीच नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मंग तवाच सांगितलं कावून न्हाई?" त्या एवढंच म्हणाल्या. "म्या पळाले आस्ते रं. पळायला जागा हुती."



आतल्या गोळ्या एका हाताने निघत नाहीत, तेवढ्या काढून दे, असं म्हणून त्यांनी रिव्हॉल्वर माझ्याकडे सरकवलं. मी चक्र उघडून गोळ्या टेबलावर काढल्या. घोडा एकदा आपटला की पितळेच्या बुडाला एक बारीक खोच पडते. सहाही गोळ्यांना दोन-दोन होत्या.