साहेबांच्या टेबलावरचं फर्न

साहेबांच्या टेबलावरचं फर्न शेवटी मुळासकट उपटलं गेलं, ओव्हनमध्ये वाळवलं गेलं, दळलं गेलं आणि आम्लात विरघळून संपलं. धाकटीला पदवी मिळाली. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

तर असं काही झालेलं नाही. वाचकांनी ते वाचलेलंही नाही. फर्न टेबलावर मजेत डुलतंय, साहेब दोन्ही वेळा पोटभर जेवतायत आणि धाकटीच्या पदवीचा अजून पत्ता नाही.

धाकटी म्हणजे वनस्पती संस्थेतली वयाने सगळ्यात लहान संशोधक. नाव पडलं ते आल्या आल्या, आणि टिकलं ते तिच्यानंतर संस्थेत कोणी नवं आलंच नाही म्हणून. संस्थेची कीर्ती तोवर बाहेर पोचली होती. धाकटीचा विषय आर्सेनिक. विषारी माती कुंड्यांत भरायची, त्यात रोपं लावायची आणि त्यांचं काय होतं ते बघत बसायचं. आज दिवसभर काय केलंस, असं आईने विचारलं की ती "मारली" एवढंच सांगायची. आई "दमली असशील" म्हणून ताट वाढायला घ्यायची.

भात हे तिच्या मते जगातलं सगळ्यात भोळं रोप. आर्सेनिक आणि फॉस्फेट दिसायला जुळे भाऊ. फॉस्फेट म्हणजे रोपाचं रोजचं जेवण, त्यामुळे मुळांनी त्याच्यासाठी दार कायम उघडं ठेवलेलं. त्याच दारातून आर्सेनिक आत शिरतं, घरचाच असल्यासारखं पार स्वयंपाकघरापर्यंत जातं, आणि हा आपल्यातला नव्हे हे भाताला कळेपर्यंत मुळं खुंटलेली असतात, पानं पिवळी पडलेली असतात. फर्नचं तसं नाही. तेही आर्सेनिक आत घेतं, भाताच्या कैक पटींनी घेतं. पण घेतल्यावर त्याला पानांतल्या कोठीत ढकलून बाहेरून कडी घालतं. वर आणखी हिरवंगार होऊन दाखवतं. किती विष कोठीत गेलं हे मोजायचं तर फर्न उपटून वाळवून विरघळवण्याला पर्याय नाही. धाकटीचा अख्खा प्रबंध त्या एका आकड्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता.

आणि फर्न उरलं होतं एकच. सुट्टीत काचघराचे पंखे बंद पडले आणि बाकीची सगळी फर्नं जागच्या जागी शिजली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या की एका फर्नवर प्रबंध उभा राहणं अवघड आहे, पण शून्य फर्नवर तो बसणारसुद्धा नाही. तेव्हा हे एवढं तरी सांभाळ. हंगाम पुरा झाला की उपट, मोज आणि सुट.

धाकटीने ते सांभाळलं. कुंडीवर लाल अक्षरांची, कवटी आणि दोन हाडांची चिठ्ठी लावली. चूक म्हणायची तर इथेच झाली, आणि ती फक्त याच संस्थेत होऊ शकत होती.

कारण या संस्थेत कवटीचा अर्थ "विष" असा नव्हता. विश्रांतीच्या खोलीतल्या फ्रीजमधून लोकांचे डबे पळवले जायचे. कोणीतरी वैतागून आपल्या डब्यावर प्रयोगशाळेतली कवटीची चिठ्ठी चिकटवली आणि त्याचा डबा वाचला. मग सगळ्यांनीच चिकटवल्या. दुधाच्या पिशवीवर कवटी, केळ्यांच्या घडावर कवटी. नवा माणूस तो फ्रीज उघडून दोन पावलं मागे सरकायचा. जुन्यांच्या लेखी मात्र कवटी म्हणजे "हे चांगलं आहे, पण माझं आहे."

धाकटीची आत्या याच संस्थेत कार्यालय अधीक्षक. सगळ्या किल्ल्या तिच्याकडे आणि सगळ्यांची गुपितंही. तपासणी समिती येणार म्हणून साहेबांच्या खोलीत काहीतरी हिरवं हवं होतं. साहेबांचं स्वतःचं असं काही हिरवं टिकत नसे. वनस्पती संस्थेचे संचालक असूनही त्यांच्या हातून एकही झाड जगलं नव्हतं. निवडुंगसुद्धा त्यांनी बुडवून मारला होता. आत्या काचघरात गेली, भाचीचं टवटवीत फर्न बघून तिचा ऊर भरून आला. कवटी बघून तर तिची खात्रीच पटली की पोरीने हे अगदी जिवापाड जपलंय. तिने चिठ्ठी सोलून काढली, कुंडीला सोनेरी फीत बांधली आणि ती साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. भाचीचं काम एकदा तरी मोठ्यांच्या नजरेत भरावं, एवढाच तिचा हेतू होता.

नजरेत असं भरलं की निघेना. समितीने फर्नची तारीफ केली. साहेबांनी आयुष्यात प्रथमच झाडाबद्दलची तारीफ ऐकली आणि ती स्वतःच्या खात्यावर घेतली. समिती गेली, फर्न राहिलं. साहेब त्याला "बाळ" म्हणू लागले. बैठकीत कोणाचा आवाज चढला की कुंडीकडे बघून "हळू" म्हणायचे. पाण्याऐवजी उरलेला गार चहा घालायचे. फर्न जगलंच, वर नवीन पानांची गुंडाळी उलगडू लागलं. लोक अभिनंदनाला येऊ लागले.

धाकटीने आत्याला गाठलं. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की कवटी खरी होती तर त्यावर "खरी" असं लिहायला काय झालं होतं. साहेबांना कोण सांगणार, हा पुढचा प्रश्न. आत्या म्हणाली, तू सांग, मला अजून निवृत्तीवेतन घ्यायचंय.

धाकटीने सांगणं आजचं उद्यावर ढकललं. साहेब दिसले की ती भलत्याच कामाचं काहीतरी विचारून परत फिरायची. ते इतके खूश असायचे की वाईट वाटायचं. पण हंगाम संपत आला. शेवटी एका दुपारी हिय्या करून ती त्यांच्या खोलीत गेली आणि दारातच थिजली. फर्नच्या एका पानाचं टोक गायब होतं. समोर साहेब फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता पेन्सिल चावत होते. हाताला लागेल ते चावायचं, ही त्यांची सवय चपराशापासून समितीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. एकदा त्यांनी निविदेचा कोपरा खाल्ला होता.

आता प्रश्न पदवीचा उरला नव्हता, संचालकांचा झाला होता. त्यांनी फोन ठेवला आणि तिने श्वास न घेता विचारलं,

"साहेब, तुम्ही पान खाल्लंत?"

"मी पान सोडून वीस वर्षं झाली. तुला कोणी सांगितलं?"

"या झाडाचं, साहेब. यात आर्सेनिक आहे. ठासून भरलंय. हे माझं प्रयोगाचं फर्न आहे."

साहेब पेन्सिल तोंडात तशीच धरून थांबले. मग त्यांनी खणातून रोजनिशी काढली, मधली दोन पानं उघडली. आत ते टोक दाबून, चापूनचोपून ठेवलेलं. बहिणीला दाखवायला, ते म्हणाले. लहानपणापासून ती म्हणते की माझ्या सावलीनेही झाड वाळतं.

धाकटीने खुर्ची ओढली आणि न विचारता बसली. मग तिने सगळं सांगितलं: माती, जुळे भाऊ, कोठी, कडी, शिजलेली फर्नं, राहिलेलं हे एक. साहेब ऐकत राहिले. त्यांना विषाचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांना वेगळंच काहीतरी लागलं होतं.

"म्हणजे ते माझ्यामुळे वाढलं नाही," ते म्हणाले.

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांचा चेहरा बघून तिला खरंच काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि तिच्याकडे देण्यासारखं फक्त शास्त्र होतं.

"साहेब, विषारी मातीत जगणारी फर्नं आधीही नोंदलेली आहेत. पण विषारी मातीत, वरून तुमचा रोजचा चहा पिऊन जगलेलं हे पहिलं. मला तो चहा प्रबंधात लिहावाच लागेल. तुमच्या नावासकट."

साहेबांनी कुंडीची सोनेरी फीत सरळ केली. मग हळूच विचारलं, "बिनसाखरेचा, असं लिहिशील? घरी वाचतील."

ती लिहीन म्हणाली. साहेब उठले, आत्याने आणून दिलेले रबरी हातमोजे घातले, सोनेरी फीत स्वतः सोडवली आणि कुंडी उचलून प्रयोगशाळेकडे निघाले. वाटेत कोणी नमस्कार केला तर मान हलवत होते, कारण हात गुंतलेले होते. धाकटीने त्यांच्यादेखत फर्न उपटलं. मुळं बघून ते "केवढी झाली होती" एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

खबरदारी म्हणून साहेबांची तपासणी केली. अंगात आर्सेनिक नव्हतं. साखर मात्र भरपूर निघाली, तेव्हा चहाबद्दलची ती नोंद दुरुस्त करावी लागली. फर्नमधला आकडा आला तेव्हा मार्गदर्शक बाईंनी तो पुन्हा तपासून घेतला. भात त्याच्या जवळपासही नव्हता. साहेबांना आकडा कळवला तर ते टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, की शेवटपर्यंत कामाचं होतं.

त्याच आठवड्यात विश्वस्त मंडळाच्या टपालात, संचालकांच्या सही-शिक्क्यानिशी, पुढील अर्ज दाखल झाला:

"विषय: दिवंगत वनस्पतीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर फर्न कार्यालयीन कर्तव्य बजावत असताना कामी आले असल्याने त्यास मरणोत्तर बढती देऊन वरिष्ठ संशोधक श्रेणीत घ्यावे, तसेच निम्नस्वाक्षरीकारास निकटच्या नातेवाइकाच्या निधनानिमित्त देय असलेली रजा, भरपगारी, मागील तारखेपासून मंजूर करण्यात यावी. नात्याचा पुरावा मागू नये, ही नम्र विनंती."