झाकणाला हात लावून ठेवा

मी डिकीच्या झाकणाची दांडी बोलतेय. हळू बोलते, कारण दम फारसा उरलेला नाही. थोडक्यात आटपेन असं म्हणते खरी, पण खात्री देत नाही. खात्री देण्याची सवय मी सोडली आहे.

तुम्ही मला पाहिलं असेल, लक्षात ठेवलं नसेल. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या मोटरसायकलला मागे पेटीसारखी डिकी असते. तिचं झाकण वर केलं की डाव्या बाजूला एक काळी नळी आणि तिच्यातून बाहेर आलेली चकचकीत सळई दिसते. ती मी. तुम्ही दोन्ही हात आत घालून काहीतरी शोधत असता आणि झाकण तुमच्यावर पडत नाही, ते माझ्यामुळे. आभार कुणी मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. न पडलेल्या गोष्टीचे आभार कोण मानतं?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. नळीत वायू दाबून भरला आणि तोंडाशी रबराची बारीक कडी बसवून तो कायमचा कोंडला. आमच्याकडे श्वास एकदाच मिळतो, तोच आयुष्यभर पुरवायचा. टायरला हवा मिळते, साखळीला तेल मिळतं, आमच्यात पुन्हा काही भरता येत नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटला होता. नव्या नवलाईत कशाचाही वाटतो.

पहिले मालक औंधातले एक निवृत्त गृहस्थ होते. ते गाडी कमी चालवायचे आणि जास्त पुसायचे. रविवारी कोरड्या, मऊ फडक्यानं माझी सळई अशी पुसायचे की तिच्यात त्यांचा चष्मा दिसे. डिकीत त्यांनी कधी काही ठेवलं नाही. मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडी उत्तरेश्वरकडे आली.

उत्तरेश्वर मूळचा बार्शीकडचा. खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी, बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लडाखला जायचं म्हणून त्यानं ही एवढी गाडी घेतली आणि झाकणावर सामान बांधायला लोखंडी जाळी बसवून घेतली. ते वजन कुणाच्या अंगावर आलं, हे सांगायला नको. त्याची बायको प्रियदर्शनी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "घराला लिफ्ट नाही आणि गाडीला डिकी."

"लडाखला कळेल तुला."

"कळेल. पोचलो तर."

ते दापोलीपर्यंत पोचले, एकदा. मग उत्कर्षा झाली. लडाखच्या डिकीत लंगोट, गरम पाण्याची बाटली, लसीकरणाची फाइल आणि पुढे दम्याचा पंप आला. उत्कर्षाला धाप लागायची, म्हणून प्रियदर्शनी पंप एक पर्समध्ये ठेवायची, एक डिकीत, आणि तरी जिन्यात थांबून दोन्ही आहेत का ते पुन्हा बघायची. मला ती आवडायची. धरून ठेवणाऱ्यांची आपसात ओळख पटते. पडेल का, पडेल का, हाच विचार दिवसभर करणारी बाई मी तिच्याआधी पाहिली नव्हती, आणि मीही तशीच आहे हे मला तिच्याकडे बघूनच कळलं.

मग ती खंडेनवमी आली. उत्कर्षा तीन वर्षांची होती.

उत्तरेश्वरची आई, सत्यशीलाबाई, नवरात्रात बार्शीहून आल्या. गाडी धुतली होती, झेंडूचे हार आणले होते. त्यांनी आरशाला कुंकू लावलं, दिव्याला लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्ये मागचं उघड की. आत लक्ष्मी बसती."

झाकण उघडलं. मी पूर्ण उंच झाले. सत्यशीलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी माझ्याकडेच.

"ही चकचकीत काय म्हनायची?"

"झाकण धरते ती, आई," उत्तरेश्वर म्हणाला.

"एकटीच?"

"एकटीच."

"मग हिचा मान मोठा." आणि त्यांनी बोटं ओली करून माझ्या सळईला वरपासून खालपर्यंत हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वर एक छोटा हार गुंडाळला. एवढ्या वर्षांत मी कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी नको कशी म्हणणार होते?

सगळे वर गेल्यावर प्रियदर्शनी एकटी खाली आली. हातात कोरडं फडकं होतं. गाडीची माहितीपुस्तिका डिकीतच, माझ्या शेजारी असते, आणि त्या घरात ती वाचलेली एकटी तीच. त्यात लिहिलंय, सळई कोरडी आणि स्वच्छ ठेवा. तिनं हार काढून जाळीला बांधला. फडकं माझ्याजवळ आणलं आणि थांबली. सासूबाईंनी आत्ता लावलेलं कुंकू आत्ताच कसं पुसायचं? वरून बघितलं तर काय वाटेल? आणि कुंकवानं असं काय होणार आहे? परवा, दसरा झाल्यावर पुसू. तिनं फडकं खांद्यावर टाकलं आणि झाकण बंद केलं.

झाकण बंद होतं तेव्हा सळई नळीच्या आत जाते. कुंकू, हळद, तांदळाची कणी, सगळं त्या रबरी कडीवरून घासत आत गेलं. मला एक बारीकसं काहीतरी बोचलं. त्यात काही वाटावं असं नव्हतं. दसऱ्याला त्याच डिकीतून आपट्याची पानं आणली, आठ वेळा उघडझाप झाली. तो ‘परवा’ उजाडला तेव्हा पुसायला काही उरलंच नव्हतं.

डिसेंबरात थंडीच्या सकाळी मी पहिल्यांदा घसरले. झाकण आधी बोटभर खाली आलं, मग वीतभर, मग एकदम. उत्तरेश्वरच्या हेल्मेटवर आपटलं. तो हसला. "म्हातारी झाली वाटतं." प्रियदर्शनी हसली नाही. ती उत्कर्षाच्या हातांकडे बघत होती.

कारण गाडी लावायची जागा जिन्याला लागून होती. बालवाडीला निघताना उत्कर्षा पायरीवर उभी राही, म्हणजे डिकी बरोबर तिच्या छातीशी येई. मग ती दोन्ही हात डिकीच्या कडेवर ठेवून आत वाके. झाकणाला ती मगर म्हणायची. "मगरबाई, आ करा." आणि मी आ करायचे. त्या कडेवर आठ बोटं असायची. आठ बोटं, जिथे झाकण येऊन बसतं बरोबर तिथेच. त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात दुसरं काही राहिलं नाही.

"हात मागे," प्रियदर्शनी रोज म्हणायची. "दोन्ही. मला दिसू देत."

शोरूमवाले म्हणाले की दांडी सुटी येत नाही, झाकणासकट बाहेरून मागवावी लागेल. मागवली. चार महिन्यांनी फोन आला, ते मॉडेल आता बंद झालं. मग नाना पेठेतले सर्जेराव मिस्त्री. त्यांनी मला दोनदा दाबून सोडलं आणि कडीभोवती बोट फिरवलं. बोटाला आतून पाझरलेलं लालसर तेल लागलं.

"हिला कुंकू कुणी लावलं, ताई?"

प्रियदर्शनी म्हणाली, "मी पुसायला हवं होतं."

"तुम्ही पुसलं असतं तर बरं झालं असतं," सर्जेराव म्हणाले. पुण्यात धीर देतात तो असा. "आता हिच्यात काही भरता येत नाही. गेला तो गॅस गेला."

तरी त्यांनी प्रयत्न केले. मला काढून स्वयंपाकघरातल्या कपाटाची दांडी लावून पाहिली. तिच्यात एवढा जोर की कुलूप काढताच झाकण उसळून बिजागरी वाकायला लागली. "ही ओट्याखालची जात," सर्जेराव म्हणाले, "हिला गाडीवर राग येतो." मला परत बसवलं आणि माझ्या सळईवर एक स्प्रिंग चढवून दिली. ती मला रेटायची, मी झाकणाला रेटायचे. सात-आठ आठवडे बरे गेले. मला वाटलं, निभलं. पण दिवे घाटातल्या खड्ड्यांनी स्प्रिंग हलत राहिली, तिनं सळईवर चरे पाडले, आणि उरलेला दमही त्या चऱ्यांवाटे जायला लागला. उत्कर्षाला धाप लागली की पंपाचे दोन झोत घेऊन तिचा श्वास परत यायचा. मी ते डिकीच्या आतून बघायचे.

शेवटी प्रियदर्शनीनं घरातलं लाटणं आणलं. झाकण उघडायचं आणि खाली लाटणं उभं करायचं. खालच्या मजल्यावरचे काका दारातून बघत म्हणाले, "पोळ्या गाडीवरच करता का आता? गॅसची बचत." वर घरात ती पोळ्या बाटलीनं लाटत होती.

त्या रात्रीच्या जेवणात काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण सकाळी पार्किंगमध्ये उत्तरेश्वर म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस. कुंकवामुळे म्हटलं तर ती वर्षभर मनाला लावून घेईल."

"मी कशाला सांगू? पुसलं नाही ते मीच."

"तुझंही काही नाही गं."

"असू दे."

त्यांच्या पायांशी उत्कर्षा उभी होती, मोज्यातला खडा काढत. मोठी माणसं असं का समजतात कोण जाणे, की मोज्यातला खडा काढणाऱ्याला ऐकू येत नाही.

दर आठवड्याला बार्शीहून फोन येई. "गाडी बरी हाय ना? पूजा केलीया तिची." उत्तरेश्वर गाडी काढता काढता म्हणायचा, "एकदम मस्त, आई." मी तिथेच असायचे.

मग पुन्हा खंडेनवमी.

सत्यशीलाबाई ताट घेऊन खाली आल्या. झाकण लाटण्यावर उभं होतं. उत्तरेश्वर कोपऱ्यावरून हार आणायला गेला होता, प्रियदर्शनी वरून नारळ घेऊन जिना उतरत होती. उत्कर्षा पायरीवर उभी राहून डिकीत मांडलेली फुलं वाकून बघत होती. आठही बोटं कडेवर.

सत्यशीलाबाईंना लाटणं दिसलं.

"अगं बाई. उद्या पुरनपोळ्या, आन् लाटनं हितं?" त्यांनी ते सरळ काढून घेतलं आणि पदरानं पुसलं. कुणी सांगितलंच नव्हतं तर त्यांना काय ठाऊक? त्यांच्या लेखी मी तीच होते, एकटीनं झाकण धरणारी, मान मोठा असलेली.

मी धरलं. खरं सांगते, माझ्यात जे काही होतं ते सगळं मी त्या क्षणी लावलं. झाकण बोटभर खाली आलं आणि थांबलं. मला वाटलं, आज. आयुष्यात एकदा, आज. मग ते वीतभर खाली आलं. प्रियदर्शनीच्या हातून नारळ सुटल्याचा आवाज मी ऐकला. चार पायऱ्या एका उडीत उतरून तिनं एका हातानं उत्कर्षाला मागे ढकललं आणि दुसरा हात कडेवर घातला.

त्या हातावर मी पडले. लोखंडी जाळीसकट.

ती ओरडली नाही. "हात दाखव," एवढंच म्हणाली, उत्कर्षाला. "दोन्ही. मला दिसू देत." उत्कर्षानं दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटं होती. मग प्रियदर्शनी पायरीवर बसली.

"अगं, आसं कसं पडलं?" सत्यशीलाबाई लाटणं हातात धरून उभ्या. "दांडी हाय की हिला. आपन पूजा केलेली."

उत्कर्षा रडत रडत म्हणाली, "आज्जी, तू मगरीला कुंकू लावलंस ना, म्हणून तिचा गॅस गेला. तुला सांगायचं नाही."

सत्यशीलाबाईंनी कुंकवाचं ताट खाली ठेवलं, पायरीच्या कोपऱ्यात, कुणाचा पाय लागणार नाही असं. "सांगायचं न्हाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि सुनेचा हात बघायला वाकल्या. त्या वर्षी गाडीची पूजा झाली नाही.

दोन बोटं मोडली होती. करंगळी सरळ झाली, अनामिका वळत नाही. उत्कर्षाची वेणी आता दुपारपर्यंत सुटते. बालवाडीतल्या बाई ती पुन्हा घालून देतात, आणि प्रियदर्शनीला ते आवडत नाही.

सत्यशीलाबाई आठवडाभर राहणार होत्या, त्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी निघाल्या. सकाळची एसटी होती. उत्तरेश्वर रिक्षा बघायला गेला तेवढ्यात त्या एकट्या माझ्याकडे आल्या. एका हातानं झाकण वर धरून ठेवलं, त्यांना आता ठाऊक होतं. दुसऱ्या हातानं माझी सळई पुसू लागल्या. कुंकवाचा मागमूस कधीचाच उरला नव्हता, तरी पुसत राहिल्या. फडकं ओलं होतं. पुस्तिकेत कोरडं लिहिलंय. पण ते सांगून आता काय फरक पडणार होता, आणि सांगण्याची सोय मला कुठे होती? रिक्षा आली तेव्हा त्यांनी झाकण अलगद, दोन्ही हातांनी मिटवलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लोटावं तसं. फोन अजून दर आठवड्याला येतो. गाडीचं त्या विचारत नाहीत.

आता गाडी आच्छादनाखाली असते. डिकीभोवती सायकलची जुनी ट्यूब आवळून बांधली आहे. मला अजून कुणी काढलेलं नाही. काढण्याइतकंही कुणाला माझं काही पडलेलं नाही. परवा उत्तरेश्वरनं आच्छादन ओढून, ट्यूब सोडून चारी बाजूंनी फोटो काढले. गाडी विकायची आहे. सगळ्या फोटोंत डिकीचं झाकण बंद आहे. प्रियदर्शनी म्हणाली, "डिकीचं लिही." तो म्हणाला, "विचारलं तर सांगू." ती न वळणारं बोट दुसऱ्या हातात धरून उभी राहिली.

म्हणून मीच सांगते. माझ्यासारख्या वस्तू शेवटी मागतात की आमची काळजी घ्या, आम्हाला विसरू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझी काळजी घेण्याची वेळ एका दुपारी खांद्यावरच्या फडक्याबरोबर गेली. तुम्ही ही गाडी बघायला बिबवेवाडीत आलात आणि डिकी उघडलीत, तर मी तुम्हाला चकचकीत दिसेन. चरे जवळून बघितले तरच दिसतात. थोडा वेळ मी झाकण धरूनही ठेवेन, आणि तुम्हाला वाटेल, ठीक आहे की.

तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक हात झाकणाला लावून ठेवा. आणि सोबत लहान मूल असेल तर त्याला आधी म्हणा, हात मागे. दोन्ही. मला दिसू देत.