माझ्या पत्त्याची एक ओळ

मित्रांनो, त्या रविवारी मी बाल्कनीतल्या स्टुलावर होतो आणि शेजारी शेगडीवर लाल मिरच्या भाजत होत्या. आमच्या गाब्रोवो शहरात सप्टेंबरात हिवाळ्याच्या बरण्या भरायला घरोघरी हेच चालते. मी ल्युबेनचा लॅपटॉप, अकरा वर्षांचा. माझी दोन बटणे निघाली आहेत, पडद्यावर एक हिरवी रेघ आहे, आणि तापलो की मी फार घरघरतो.

माझे सुटे भाग कुठल्याशा कारखान्यात जुळले, पण मला कामाला लावले ते ल्युबेनने. डोंगरातल्या विश्रामगृहांत लोकांना घरबसल्या खाट राखून ठेवता यावी, म्हणून त्याने माझ्यावर एक संकेतस्थळ बांधले. गिर्यारोहक मंडळाने टाळ्या वाजवल्या आणि त्याला एक लोकरी टोपी दिली. पुढे काही बिघडले, तरच त्यांना त्याची आठवण यायची.

त्याची मुलगी झोर्नित्सा राजधानीत, सोफियात, हेच काम करते. आई गेल्यापासून बापलेक फक्त प्रोग्रामबद्दल बोलत. त्या उन्हाळ्यात ती दर रविवारी येत होती. संकेतस्थळात बदल करायचा, तर तो आधी घरच्या मशीनवर करून पाहावा लागतो. ते तिच्याही मशीनवर जमावे, म्हणून ल्युबेन प्रोग्रामचा एकेक भाग वेगळ्या कंटेनरमध्ये बंद करत होता आणि सूचना लिहीत होता.

"हिवाळ्याच्या बरण्याच समज," तो म्हणाला. "झाकण घट्ट लावायचं. कुणाच्याही घरी उघडा, चव तीच."

"बाबा, केवढं लिहिताय! तुम्ही आहात ना सांगायला?"

"आणि नसलो तर? 'माझ्या मशीनवर चालतं', हे काय उत्तर झालं, झोरी?"

"ल्युबेन, मशीन राहू दे, मिरच्यांचा कोळसा झाला!" शेजारच्या बाल्कनीतून स्तोयांका काकू ओरडल्या.

"तुझं नाक आमच्या शेगडीत कशाला?"

झोर्नित्सा हसली. संध्याकाळी ती गेली.

मंगळवारी ल्युबेन बसथांब्यावर कोसळला. त्याचा फोटो असलेला शोकसंदेशाचा कागद दारावर चिकटला. मी कपाटावर धूळ खात पडलो.

चाळिसाव्या दिवशी रीतीप्रमाणे कबरीवर उकडलेले गहू वाटून झोर्नित्सा घरी आली. मंडळाने कळवले होते, बर्फ पडायच्या आत कुणी सांभाळणारे मिळाले नाही, तर संकेतस्थळ बंद करू. तिने मला सुरू केले, शेजारी स्वतःचे मशीन ठेवले आणि बाबांच्या सूचना एकेक करत पाळल्या. एकामागून एक कंटेनर उभे राहिले. डोंगरातल्या खोल्या तिच्या पडद्यावर उजळल्या.

"चाललं, काकू! चाललं!"

"मग या म्हाताऱ्याला बंद कर की," सोबत आलेल्या स्तोयांका काकू म्हणाल्या. "किती कण्हतोय बिचारा."

तिने मला मिटले. त्याच क्षणी तिच्या पडद्यावरच्या खोल्या नाहीशा झाल्या.

मित्रांनो, चूक ल्युबेनची होती. खोल्यांच्या सगळ्या नोंदी कुठे सापडतील, त्या जागी त्याने माझाच पत्ता लिहिला होता. या घरात, माझ्यासमोर बसून, तो पत्ता त्याला कधी चुकीचा वाटलाच नाही. तिचे मशीन इतका वेळ मलाच धरून उभे होते.

तिने मला पुन्हा उघडले. मला वाटले, आता ही तासन्‌तास शोधणार. पण ती सरळ त्या ओळीवर गेली.

"काय झालं गं?"

"काही नाही, काकू. एक ओळ बदलायची. मग बाबांच्या मशीनची गरज नाही."

तिचे बोट मात्र बटणावर तसेच राहिले. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे थकली की खुशाल कपाटावर ठेवा. पण ज्यांचे हात आमच्यावर झिजले, त्यांच्याशी कामापलीकडचे चार शब्द बोलायचे राहू देऊ नका.

तिने ओळ बदलली. मला पुन्हा मिटले. या वेळी तिच्या पडद्यावरच्या खोल्या तशाच उजळ राहिल्या. माझ्या कोमट झाकणावर तळवा ठेवून ती कितीतरी वेळ बसली. मग मोठ्याने म्हणाली,

"बाबा, ही ओळ मी त्या रविवारीच पाहिली होती. मुद्दाम सांगितली नाही. काम संपलं असतं, तर पुढच्या रविवारी मी काय म्हणून आले असते? मला नुसतंच यायचं असायचं, बाबा. तुमच्याकडे."