फ्यूज काढल्याशिवाय

नाशिकच्या कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्या प्रतिभाने मोबाईल स्टार्टरमधली चिप काढून तिच्यातला प्रोग्रॅम ओळीनओळ उलगडायला चार महिने घातले होते. शेतकरी घरबसल्या फोन लावून ज्या डबीने विहिरीवरची मोटर चालू करतात, ती ही डबी. मालकाचाच नंबर चालतो, असं कंपनी सांगायची. पण कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेला एक परवलीचा शब्द काढायचा राहून गेला होता. तो कुणीही, कुठूनही पाठवला की मोटर सुरू!

तिने कंपनीला कळवलं. दुरुस्तीला नव्वद दिवस द्यायचे, तोवर बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हा या क्षेत्रातला रिवाज. तिच्या गाईड सायली मॅडमनी बजावलंही होतं, "आधीच फुटलं, तर उद्या कुणीही टवाळखोर लोकांच्या मोटरी चालू करील."

एकेचाळिसाव्या दिवशी ती घोटीजवळच्या गावी चुलत्यांकडे गेली. रंगनाथनाना विहिरीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पाणबुडी मोटरीची जाळी साफ करत होते. वर खांबाला तीच डबी, हिरवा दिवा लागलेला, म्हणजे वीज चालू.

"नाना, आधी वर या!"

"अगं, मोटर बंद हाय. फोनवरूनच केली."

प्रतिभाने मेन स्विच पाडला आणि तिन्ही फ्यूज उपसले.

नाना निथळत वर आले. "काय झालं गं?"

"आत्ता सांगता येत नाही. पण फ्यूज काढल्याशिवाय विहिरीत उतरू नका. गावातही सांगा."

नानांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले, आणि त्याच दिवशी घरोघरी जाऊन सांगून आले.

नाशकात परतल्यावर तिने मॅडमना सगळं सांगितलं.

"परवलीचा शब्द सांगितलास?"

"नाही."

"मग तुला काय बोलू? शेतकऱ्यांना फ्यूज काढायला सांगा, हे आपण कंपनीला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं."

दोघींनी कंपनीला दुसरं पत्र धाडलं: दुरुस्ती होईल तेव्हा होवो, आठ दिवसांत शेतकऱ्यांना सावध करा, नाहीतर आम्ही करू.

सातव्या दिवशी नानांचा फोन. "कंपनीचा मेसेज आलाय. समदा इंग्रजीत हाय. गावात कुणाला कळंना."

प्रतिभाने तो मागवून घेतला, सोप्या मराठीत लिहून परत पाठवला. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला. दुरुस्ती यायला मात्र आणखी दोन महिने लागले.