दातांच्या दवाखान्यातले ढग

दादा दातांचा डॉक्टर आणि मी त्याच्याच दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. खुर्चीत आडवं झालेल्या घाबरट माणसाला कोरं छत बघत पडावं लागतं, म्हणून मीच दादाच्या मागे टुमणं लावलं. छतावर ढग काढून घे, तेही आमच्या ह्यांच्याकडून.

हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. लग्नापासून बाबा त्यांना 'तो पाट्यावाला' म्हणतात. जावई हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघालेला नाही. म्हटलं, अख्खं आभाळ रंगवलं की निघेल.

ह्यांनी जीव ओतून रंगवलं. पण हाताला वळण पाट्यांचं! प्रत्येक ढगाला अक्षरासारखी ठसठशीत कड आणि उजवीकडून काळी सावली. मग लोकांना त्यात नको नको ते दिसायला लागलं. शिंप्याला उसवलेली बाही दिसली आणि ती दाखवायला त्याने ऐन ड्रिलिंगमध्ये हात वर केला. एका नव्या सुनेला रुसलेली सासू दिसली. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

"रविवारी पांढरा रंग मारतोय," दादा म्हणाला. "इथे लोक दात काढायला येतात, भविष्य बघायला नाही."

मी त्याची भरपूर अक्कल काढली, पण तो बधला नाही. ह्यांना आता कोणत्या तोंडाने सांगू?

शनिवारी नेमकी बाबांची दाढ ठणकली. गाल टम्म फुगलेला. खुर्चीत पडले, वर बघितलं आणि "ऑ!" म्हणून एका ढगाकडे बोट केलं. दादाने हात खाली दाबला, तर दुसरा हात वर. "ऑऑ!" संपलं सगळं, असं मला वाटलं.

दाढ निघाली तरी बाबा उठेनात. कापूस गालात सरकवून म्हणाले, "हा आपला कुत्रा ना रे? पडलेल्या कानाचा?"

"ढग आहे तो, बाबा. उद्या पांढरा रंग मारतोय त्यावर."

"तुला काय कळतंय! रंग मारलास तर याद राख. आणि उद्या पलीकडची दाढ बघ."

"ती ठणठणीत आहे."

"असू दे. त्या कोपऱ्यातलं अजून बघायचंय मला."

दाराशी येऊन ते माझ्यापाशी थांबले. "जावईबापूंना सांग, शेपूट जरा आखूड झालंय."

अर्धा ओठ बधिर होता त्यांचा, तरी पहिला शब्द मला लख्ख ऐकू आला.